परदेशी निघालेल्या भाकरीचा तपास

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या खुनातला पंच कुठल्या चोरीत साक्षीला होता, हे मला आज सांगता यायचं नाही. कडक भाकरीचं प्रकरण तेवढं वेगळं राहिलं आहे. त्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, कोणी फरारही झालं नव्हतं. मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कपाटात ज्वारीच्या भाकरीची चार खोकी होती. उंदीर लागू नयेत म्हणून मी रोज सकाळच्या हजेरीनंतर ते कपाट स्वतः उघडून बघायचो.

मी तेव्हा बिदर जिल्ह्यात, हमरस्त्यावरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आमची हद्द मन्नाएखेळ्ळीच्या बाजूने सुरू होऊन कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेला टेकायची. रोजचं काम म्हणजे अपघात, बांधाची भांडणं आणि घरातून निघून गेलेली माणसं. जबाब मराठीत ऐकायचा, कन्नडात लिहायचा आणि मधल्या शिव्या दक्खनीत असतील तर गाळायच्या. मी स्वतः भालकी तालुक्यातला, त्यामुळे तिन्ही भाषा घरच्याच. निर्यात वगैरे शब्द आमच्या ठाण्याच्या डायरीत तोवर कधी आला नव्हता.

तो आला एका टपालातून. पहिल्यांदाच परदेशी माल पाठवणाऱ्या लहान उद्योगांना मदत करण्याची सरकारी योजना होती आणि तिचा जिल्ह्यात एक मदत कक्ष होता. आयात-निर्यात कोड काढून देणं, खाद्य परवाना, नमुन्याची तपासणी, पॅकिंगचं प्रशिक्षण, शेड आणि यंत्राला अनुदान, खरेदीदारांच्या मेळाव्यात एक टेबल, असं सगळं त्या कक्षातून मिळायचं. योजना चांगली होती. मी उपरोधाने म्हणत नाही, खरंच चांगली होती. आमच्या हद्दीतल्या एका गावातल्या बायकांच्या गटाने तिचा फायदा घेऊन कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आखातातल्या एका किराणा व्यापाऱ्याला पाठवायचं ठरवलं होतं. पहिला छोटा माल गेला, त्याला आवडला. दुसरा मोठा माल हैदराबादच्या बाजूला कंटेनर डेपोत उभा असताना मदत कक्षाकडे एक निनावी अर्ज आला. कक्षाने माल थांबवला आणि अर्ज आमच्याकडे पाठवला; मागाहून त्या मालातली चार खोकी नमुन्यादाखल ठाण्यात आली.

अर्ज टाइप केलेला होता. त्यात तीनच वाक्यं होती. शेडला कुलूप आहे. चुली पेटत नाहीत. माल कुठून येतो ते पोलिसांनी शोधावे.

निनावी अर्ज मी सहसा बाजूला ठेवायचो. त्यात बहुधा शिव्या असतात, आरोप दहा पानांचे असतात आणि खाली 'एक हितचिंतक' असतो. या अर्जात यातलं काहीच नव्हतं. लिहिणारा थंड डोक्याचा होता, म्हणून मी तो मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन गावात गेलो. शेड गावाबाहेर, रस्त्याला लागूनच होतं. कुलूप होतं. किल्ली गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे होती, त्यांना बोलावलं. साठीला आलेल्या, कपाळावर विभूती, बोलणं तुटक. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणेन. त्यांच्या घरची पिठाची गिरणी होती.

अक्कांनी कुलूप उघडलं. आत सहा गॅसच्या चुली ओळीने मांडलेल्या होत्या. एका चुलीवर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. पॅकिंगचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. तवे भिंतीला टेकवून ठेवले होते आणि एकाही तव्याला काळा डाग नव्हता. मी पंचनामा लिहायला घेतला. तेवढ्यात एक पंच दुसऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, "पाव्हण्याला दाखवायचं सोन्याचं ताट दिसायलंय हे."

मला वाटलं, केस इथेच संपली. बोगस गट. कागदावर चौदा बायका, शेड अनुदानाचं, माल सोलापूरकडच्या कुठल्यातरी कारखान्यातून उचललेला आणि वर 'आमच्या गावच्या हातची' म्हणून चिकटवलेलं लेबल. अशी प्रकरणं मी दुधात, खतात आणि घरकुलात पाहिली होती. भाकरीत पहिल्यांदा बघत होतो, इतकंच.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी, महिला पोलिसाच्या समोर करायची असते. आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार मुडबीकडच्या होत्या. त्यांना घेऊन मी अक्कांच्या ओसरीवर बसलो. आतून गिरणीचा आवाज येत होता, त्यामुळे सगळ्यांनाच थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं.

"अक्का, शेडमधी भाकरी व्हत न्हाई?"

"न्हाई."

"मग कुठं व्हती?"

"व्हती की."

"कुठं पण?"

"साहेब, तुम्ही खाल्ली का आमची भाकरी? आधी खाऊन बघा, मग इचारा."

हवालदारबाई हसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं तशा गप्प झाल्या. मी कागद पुढे केला. 'सर्व उत्पादन नोंदणीकृत जागेतच केले जाते' असं हमीपत्र होतं आणि खाली अक्कांची सही होती.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"वाचून केली?"

"वाचून. दोनदा वाचली."

"मग खोटं कामून लिहिलं?"

"खरं लिहायला त्या फारमात जागा न्हवती."

पुढे त्या बोलेनात. मी प्रश्न फिरवून विचारला, दम देऊन विचारला, गोडीने विचारला. पोलिसाला तीन-चारच सूर येतात, ते सगळे वापरून झाले. अक्का चहा द्यायच्या, पाणी द्यायच्या, पण माल कुठून येतो ते सांगायच्या नाहीत. चार वेळा गेलो, चारही वेळा तसंच. खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो, हा माझा अनुभव. या बाई खोटं एकही वाक्य बोलत नव्हत्या आणि खरंही एक वाक्य सांगत नव्हत्या.

वरून तगादा सुरू झाला. योजनेचा पहिलाच गट आणि तोच बोगस निघाला तर अहवाल वरपर्यंत जाणार होता. आमचे मंडळ निरीक्षक फोनवर म्हणाले, "एका बाईला किती दिवस इचारायलास? सही तिची, शेड बंद. गुन्हा दाखल कर, दोषारोपपत्र लाव, मोकळा हो." त्यांचं चूक नव्हतं. कागदावर ते बरोबर होतं. गुन्हा दाखल झाला. अक्का आरोपी क्रमांक एक.

यात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. फसवणूक सिद्ध झाली असती तर अक्कांना शिक्षा झाली असती, गटाचा कोड रद्द झाला असता आणि त्या गावातून पुन्हा कधी कुठलीच वस्तू परदेशी जाऊ शकली नसती. इकडे डेपोत माल पडून होता. कडक भाकरी टिकते, पण किती दिवस, यालाही मर्यादा आहे.

मी दोन शिपाई सोलापूर, अक्कलकोट, हुमनाबाद या बाजूला पाठवले. भाकरीचे छोटे कारखाने, यंत्रं, घाऊक दुकानदार, सगळीकडे विचारपूस झाली. कोणीही त्या गटाला माल दिला नव्हता. तीन आठवडे वाया गेले. त्या तीन आठवड्यांत मी चुकीच्या दिशेने इतक्या नेटाने चाललो होतो की आता आठवलं तरी थकवा येतो.

एका दुपारी ठाण्यात जेवणाची वेळ होती. मी मुद्देमालाचं कपाट उघडून खोकी तपासत होतो. एका खोक्याचं सील डेपोतच फुटलं होतं, त्यातली पाकिटं मी टेबलावर काढून मोजत होतो. हवालदारबाई डबा घेऊन जाताना थांबल्या. पाकिटातल्या भाकरीकडे बघत राहिल्या.

"सर, ह्या मशीनच्या न्हाईत."

"कशावरून?"

"मशीनची भाकरी सगळी सारखीच असती. ही बघा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात न्हाई का? हिच्यावर बोटांचे वळ हायेत. हिनं हातानं पाणी फिरवलंय. आन् ही दुसरी, हिच्यावर सरळ रेघा. हिनं फडक्यानं फिरवलंय."

मी चष्मा लावला. खरंच होतं. पन्नासहून जास्त वर्षं मी भाकरी खात आलो होतो आणि एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि टेबलावर भाकरी लावायला सुरुवात केली. ही कडेला पातळ, मधे जाड. ही उलट्या हाताने थापलेली, बाई डावरी असणार. या चारही भाकरींवर एकसारखा खळगा, करणारीच्या बोटात अंगठी आहे. ही खसखशीतून काढलेली, म्हणजे घरात खसखस वापरायची सवय असलेली. तासाभरात टेबलावर एकवीस ढीग झाले.

"एकवीस हात हायेत, सर. ह्या एका खोक्यात."

"गटात तर चौदाच बायका आहेत."

"तेच म्हणायलेय मी."

उरलेली खोकी पंचांसमोर उघडली. संध्याकाळपर्यंत ढिगांची संख्या चाळीसच्या पुढे गेली. मी म्हणालो, "एवढ्या बायका एका वेळी कुठे भाकरी करतात?" प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता. उत्तर हवालदारबाईंनी दिलं आणि देताना त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी या भागातला आहे की नाही अशी त्यांना शंका यावी.

"लग्नात की, सर."

आमच्याकडे कार्य असलं की भाकरी आचारी करत नाही. कार्याचं घर गावभर पीठ वाटतं. प्रत्येक घर आपल्या चुलीवर आपल्या वाटणीच्या भाकरी करतं आणि फडक्यात बांधून आणून देतं. पंगतीत बसलेल्याला आपल्या ताटातली भाकरी कोणत्या घरची ते कळत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मी स्वतः पीठ घेऊन दारोदार फिरलो होतो. आणि तरीही तीन आठवडे मी कारखाना शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा अक्कांच्या ओसरीवर. या वेळी मी प्रश्न विचारला नाही.

"अक्का, तुम्ही पीठ वाटता."

त्यांनी गिरणीकडे वळून आत हाक मारली. गिरणी बंद झाली. एकदम शांत झालं.

"कुणी सांगितलं?"

"भाकरीनं."

"त्रेचाळीस घरं हायेत," त्या म्हणाल्या. "आपल्या गावची आन् वाडीवरची."

"मग यात लपवण्यासारखं काय होतं? हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हा गुन्हाच नसता. आणि सरकारने शेड दिलंय, चुली दिल्यात. तिथे कामून करत न्हाई?"

 त्या हवालदारबाईंकडे बघून बोलू लागल्या, माझ्याकडे नाही.

"शेडची पूजा झाली त्या दिवशी चौदाजणी आल्या व्हत्या. पाचजणी खालच्या गल्लीच्या. चूल कुणाला कोणती, असं ठरवायची वेळ आली. कुणी भांडलं न्हाई बघ बाई. एकीचं डोकं दुखायलं. एकीच्या घरी पाव्हणे आले. एकीला बाजारची आठवण आली. अर्ध्या तासात शेडमधी मी आन् त्या पाचजणी राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या पाचजणी बी आल्या न्हाईत. त्यांनला कळंना व्हय?"

"मग?"

"मग काय. कुलूप लावलं आन् पीठ वाटलं. ज्येची त्येची चूल, ज्येचा त्येचा तवा. भाकरी गिरणीत आणून द्यायच्या, पाकिटं मी भरते. मुद्दाम मिसळून भरते. पाकिटात गेली की भाकरीला गल्ली राहत न्हाई."

"वरच्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय बी आन् न्हाई बी. त्या इचारत न्हाईत, मी सांगत न्हाई. असं चाललंय म्हणून चाललंय."

आता मला तो अर्ज कळला. तिसरं वाक्य कळलं. माल कुठून येतो ते पोलिसांनी शोधावे. लिहिणाऱ्याला अनुदानाशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्या चुलीची भाकरी कुठल्या पाकिटात जाते, हे त्याला सरकारी कागदावर आणायचं होतं. ते काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं आणि मी मान खाली घालून ते करत होतो.

अक्का म्हणाल्या, "साहेब, मी फसवलं म्हणून लिहा. कुठं सही करायची सांगा, करते. पर त्रेचाळीस घरांची नावं लिहू नका."

बाई तुरुंगात जायला तयार होती, कारण एका गल्लीचं नाव कागदावर येऊ नये. ही आपल्या गावांची आजची गोष्ट आहे, आजोबांच्या काळातली नाही. ज्या भाकरीवर आखातातल्या अनोळखी माणसाने बोट ठेवलं नाही, ती भाकरी करणारीच्या शेजारी बसायला तिच्याच गावात माणूस मिळत नव्हता. आणि सरकारी हमीपत्रात 'जागा' असा रकाना होता, कारण अर्ज तयार करणाऱ्याला वाटलं होतं की छत आणि चूल दिली की जागा झाली.

पण मला कागद पुढे न्यायचा होता. मी त्यांना समजावलं. "तुम्ही गुन्हा कबूल केलात तर कोड जाईल, गट जाईल. मग त्या गल्लीतल्या बायकांच्या हातात काय राहील? फसवायचा हेतू नव्हता हे दाखवायचं तर माल गावातल्या बायकांनीच केला हे दाखवावं लागेल. त्यासाठी त्यांचे जबाब लागतील."

"म्हंजी नावं लागतील."

"लागतील."

"बघा तुमचं," त्या म्हणाल्या आणि उठून गिरणीत गेल्या.

तुलनेचा पंचनामा शेडमध्येच करायचं ठरवलं. प्रत्येक बाईने पंचांसमोर तीन भाकरी करायच्या, त्या जप्त भाकरींशी ताडून बघायच्या. जबरदस्ती करता येत नव्हती. हवालदारबाई घरोघर जाऊन विनंती करून आल्या. वरच्या गल्लीतल्या एका दारात त्यांना उत्तर मिळालं, "आम्ही न्हाई बाई कधी केल्या. कुणी सांगितलं तुला?" बोलणाऱ्या बाईच्या बोटात अंगठी होती. हवालदारबाई तिथूनच परत फिरल्या.

त्रेचाळीसपैकी सव्वीस आल्या. खालच्या गल्लीच्या आणि वाडीवरच्या सगळ्या आल्या. वरच्या गल्लीतल्या नऊच. आल्या त्या शेडच्या दोन भिंतींना दोन बाजूंनी टेकून उभ्या राहिल्या. मधली जागा मोकळी. मी नावं पुकारली ती आल्याच्या क्रमाने. क्रमाप्रमाणे ज्या चुलीवर जायचं त्या चुलीवर. पोलिसांच्या यादीपुढे कोणाचं डोकं दुखलं नाही.

पहिल्या सहाजणी बसल्या. थापण्याचा आवाज सुरू झाला. पंच अवघडून बसले होते, हवालदारबाई चिठ्ठ्या लिहीत होत्या. वरच्या गल्लीतली एक म्हातारी आणि तिच्या शेजारच्या चुलीवर खालच्या गल्लीतली एक तरणी बाई. म्हातारी आपल्या तव्याकडे बघत होती. मग न राहवून म्हणाली,

"अगं, तवा लई तापलाय तुझा. करपायलीय बघ."

"गॅसचा अंदाज येईना, आजी."

"कमी कर की मग. कान पिळ त्येचा."

कोणीतरी हसलं. त्या शेडमधलं ते पहिलं हसू असावं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'सर्व महिलांनी शांततेत सहकार्य केले.'

ओळख पटली. सव्वीसजणींच्या भाकरी जप्त ढिगांशी जुळल्या, डावरीसकट. सतरा ढीग अनोळखी राहिले. तेवढं पुरेसं होतं. फसवणुकीचा हेतू आढळून येत नाही, असा, गुन्हा बंद करायचा बी रिपोर्ट मी लिहिला, सोबत जबाब आणि यादी जोडली. गल्लीचं नाव कुठेही लिहिलं नाही. पण आमच्याकडे आडनाव पुरतं. न्यायालयाने रिपोर्ट मान्य केला. अक्का सुटल्या. निरीक्षकांनी पाठ थोपटली, हवालदारबाईंना माझ्या शिफारशीवरून प्रशस्तिपत्र मिळालं. तेवढंच एक काम मी या प्रकरणात पूर्ण समाधानाने केलं.

माल परत आला तो पाकिटावरची मुदत संपल्यावर. आखातातल्या व्यापाऱ्याने दुसरा माणूस शोधला होता. यादीचं म्हणाल तर ती कोणत्या टेबलावरून फुटली मला शोधता आलं नाही. आठवड्याच्या आत गावातल्या प्रत्येक फोनमध्ये तिचा फोटो होता. जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं, ते आता सही-शिक्क्यानिशी समोर आलं. ती सतरा घरं पीठ न्यायला आली नाहीतच, आधी आलेल्या नऊपैकी पाचही गळाल्या. त्या उन्हाळ्यात अक्कांच्या भाचीचं लग्न होतं. अक्कांनी पीठ वाटलं. वरच्या गल्लीतल्या बहुतेक दारांतून ते परत आलं. ज्या घराची गिरणी गावाला पीठ पुरवते, त्या घरच्या लग्नात भाकरी बाहेरगावच्या आचाऱ्याने केली.

मी लग्नाला गेलो होतो. अक्का वाढायला आल्या, ताटाकडे बघून म्हणाल्या, "खावा साहेब. ह्या भाकरीचा पत्ता सगळ्यांला ठाऊक हाय."

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगायला अवघड जातं. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला शिकवलं जातं की अर्ज खरा की खोटा ते आधी तपासा. मी तपासलं. त्या अर्जात सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अर्ज कशासाठी लिहिला आहे हे तपासायला कोणी शिकवत नाही. मी खरं शोधलं, त्या खऱ्याने एक बाई सुटली आणि ज्याने अर्ज लिहिला त्यालाही हवं ते मिळालं. तो कोण, याचा मला अंदाज आहे. त्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. सत्य लिहिणं म्हणजे कोणाची तरी बाजू घेणंच असतं, हे मला निवृत्तीला वर्ष उरलं असताना कळलं. इतक्या उशिरा कळलेल्या गोष्टीचा उपयोग माणसाने कुठे करायचा?

निवृत्त झाल्यावर एकदा साध्या कपड्यात मदत कक्षात गेलो. बाकावर दोन तास बसलो. तिथला नवा अधिकारी तरुण होता, ऐकून घेणारा होता. मी विचारलं, प्रत्येक घराची स्वतंत्र नोंदणी करून, शेड नुसतं पॅकिंगला ठेवता येत नाही का? त्याने नियम काढून बघितले. म्हणाला, "येतं की, सर. घरगुती उत्पादकाचा वेगळा अर्ज आहे." मग थोडा ओशाळून म्हणाला, "कोणी विचारलंच नव्हतं."

अक्कांना जाऊन सांगितलं. त्यांना आनंद झाला की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अर्ज तुम्हीच भरायचे मग. नावं लिहायची सवय हाय तुम्हाला."

तो टोमणा मी घेतला. आता दर गुरुवारी मी त्या शेडमध्ये टेबल टाकून बसतो. एकवीस घरं उरली आहेत. एकेक बाई कागदपत्रं घेऊन येते, मी अर्ज भरतो. फारसं बोलणं होत नाही. माझं अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही, दोन अर्जांनंतर हात दुखतो.

पहिल्या गुरुवारी पहिली आली ती जिचा तवा तापला होता ती तरणी बाई. नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता उत्पादनाच्या जागेचा. घर क्रमांक, गल्ली, गाव. घर क्रमांक लिहिला आणि माझा हात थांबला. तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लिहा की साहेब," ती म्हणाली. "कामून थांबलाव?"